श्वासाला वीज किती लागते?



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे आजचा विषय फलकावर वाचून काहींना वाटलं असेल की छपाईत काहीतरी गडबड झाली. गडबड नाही. आज आपण खरोखरच बॅटरीबद्दल बोलणार आहोत. झोपेत ज्याचा श्वास थांबतो अशा माणसाचं यंत्र, विजेची तार जिथे पोचत नाही अशा माळावर, ट्रेलरमध्ये झोपताना रात्रभर कसं चालवायचं, हा आजचा प्रश्न.

मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी आम्ही आमच्या अमेरिकेतल्या प्रवासाची हकीकत सहज सांगितली, तर तिघा-चौघांनी बाजूला घेऊन विचारलं, "सर, आमच्याकडेही ते मशीन आहे. मुलगा कॅम्पिंगला चला म्हणतो. जमेल का?" इथे बसलेल्या पुष्कळांची मुलं परदेशी आहेत. तिथली मुलं सुट्टीत गाडीला ट्रेलर जोडतात आणि रानात जाऊन राहतात. आईवडील आले की त्यांनाही न्यावं असं त्यांना वाटतं. आणि आईवडील मशीनमुळे "तुम्ही जा रे, आम्ही घरीच बरे" म्हणतात. हे वाक्य आम्हीही दोन वर्षं म्हटलं. ते म्हणायची गरज नव्हती, एवढंच आज सांगायचं आहे.

आणखी एक. आम्ही स्वतःला "आम्ही" म्हणतो याची इथे थोडी थट्टा होते. आज मात्र तो शब्द अगदी हिशेबी आहे. विकार आमच्या घशाचा असला तरी जागरण हिचं. ही समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे. आमचं काही चुकलं तर तिथूनच दुरुस्त करील.

झोपेत काय होतं

झोप लागली की अंगातले स्नायू सैल पडतात, तसे घशाचेही पडतात. ज्यांच्या घशाची वाट मुळात अरुंद असते त्यांची ती वाट सैल पडून मिटते. छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. १० सेकंद किंवा त्याहून जास्त असं झालं की डॉक्टर तो एक खंड म्हणून मोजतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो, मोठ्याने घोरून वाट उघडते, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. श्वास पूर्ण न थांबता फार उथळ झाला तर तोही मोजतात. असे तासाला ५ ते १५ प्रसंग असतील तर विकार सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. आमचा पहिल्या तपासणीतला आकडा ४१ होता.

गंमत अशी की ज्याला हे होतं त्याला सकाळी काही आठवत नाही. तो म्हणतो, झोप तर झाली, पण दिवसभर पेंग येते. खरी साक्ष शेजारी झोपणाऱ्याची. ही कित्येक वर्षं आमचे खंड बोटांवर मोजत होती, आणि आम्ही मात्र "घोरणं काय, सगळेच घोरतात" म्हणून तिचं म्हणणं उडवून लावत होतो. ज्ञानाची प्रमाणं शिकवणाऱ्या माणसाने डोळ्यांदेखतची साक्ष नाकारावी, हे आज कबूल करायला हवं.

उपायाचं यंत्र १९८१ साली सिडनीत पुढे आलं. कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकाला मुखवटा लावून त्यातून हवेचा सततचा दाब दिला. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरसारखी मोटर होती. आज उशाशी मावेल एवढ्या त्या डबीला आपण सीपॅप म्हणतो. पुष्कळांचा समज असतो की हे यंत्र आपल्यासाठी श्वास घेतं. तसं नाही. श्वास आपणच घेतो. यंत्र फक्त घशाची वाट आतून हलक्या दाबाने उघडी धरून ठेवतं. हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात, साधारण ४ ते २०. आमचा ११ आहे. म्हणजे किती? ११ सेंटिमीटर खोल पेला पाण्याने काठोकाठ भरला, तर त्याच्या तळाशी जेवढा दाब असतो तेवढा. बस. हा पेला लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ती रात्र

आमची लेक आणि जावई डेन्व्हरला असतात. ऑक्टोबर महिना होता. त्यांनी वीस फुटी ट्रेलर ट्रकला जोडला आणि आम्ही चौघं युटाहमधल्या मोॲब गावाकडे निघालो. तांबड्या खडकांचा मुलूख आहे तो. तिथली बरीचशी जमीन केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे आहे, आणि तिच्या पुष्कळ भागात कुणालाही साधारण चौदा दिवसांपर्यंत फुकट मुक्काम करता येतो. पैसे पडत नाहीत, तशा सोयीही नसतात. पैसे देऊन राहायच्या तळावर ट्रेलरला वीज-पाणी जोडायचा खांब असतो, त्याला तिथे हुकअप म्हणतात. इथे खांब नाही, नळ नाही, शेजारी नाही. ट्रेलरमधलं जे काही चालायचं ते पुढच्या दांड्यावर बसवलेल्या एका बॅटरीवर आणि गॅसच्या टाक्यांवर.

संध्याकाळी जावई म्हणाले, "बाबा, तुमचं मशीन इथे लावा." भिंतीत घरच्यासारखा सॉकेट होता. बॅटरीच्या १२ व्होल्टचे घरगुती १२० व्होल्ट करणारा इन्व्हर्टर त्यांनी बसवला होता. आम्ही घरचाच प्लग त्यात खोचला. लेकीने आमच्यासाठी मुद्दाम १२ व्होल्टचा ॲडॉप्टर मागवून ठेवला होता, पण तो पिशवीत प्लास्टिकमध्येच राहिला. सवयीचा प्लग समोर दिसल्यावर नवीन वस्तू कोण उघडतो! पाण्याची टाकी भरली, ऊब नेहमीसारखी ठेवली, गरम नळी जोडली आणि दहा वाजता झोपलो. बाहेर पारा शून्याच्या जवळ होता. गॅसची शेगडी अधूनमधून सुरू होऊन ट्रेलर ऊबदार ठेवत होती.

पहाटे तीनच्या सुमारास इन्व्हर्टर बंद पडला. आम्हाला कळलंच नाही. हिला कळलं, कारण यंत्राची बारीक घरघर थांबली, मग आमचं घोरणं सुरू झालं आणि मग काहीच ऐकू येईना. त्या शांततेने ती उठून बसली. मुलांना उठवलं नाही. उजाडेपर्यंत ती अंगावर शाल घेऊन बसून होती, आणि श्वास थांबला की आमचा खांदा हलवत होती. सकाळी आम्ही उठून म्हणालो, "छान झोप लागली." ती काही बोलली नाही. लेकीने तिचे डोळे पाहिले आणि विचारलं, "आई, झोपली नाहीस?" तेव्हा सगळं बाहेर आलं.

अजून पाच रात्री बाकी होत्या. ही म्हणाली, "आपण गावात हॉटेलात जाऊ. मुलांना राहू दे इथे." आम्ही म्हणालो, दुपारपर्यंत थांब. आधी समजून घेऊ की वीज गेली कुठे.

वीज गेली कुठे

दोन शब्द एकदा पक्के करू. वॅट म्हणजे वीज किती वेगाने खर्च होते ते, नळाच्या धारेसारखं. वॅट-तास म्हणजे एकूण किती खर्च झाली ते, बादलीतल्या पाण्यासारखं. आपल्या महावितरणच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. बॅटरीवर मात्र अँपिअर-तास लिहिलेले असतात. १२ व्होल्टची बॅटरी असेल तर त्या आकड्याला १२ ने गुणायचं, की वॅट-तास मिळतात.

ट्रेलरची बॅटरी शिशाची, ८० अँपिअर-तासांची. म्हणजे ९६० वॅट-तास. पण शिशाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली तर लवकर खराब होते, म्हणून हाताशी धरायचे ४८०. ही आमची जमा.

आता खर्च, आठ तासांचा. ऊब आणि गरम नळीसकट यंत्र सरासरी ४५ वॅट घेतं, त्याचे ३६० वॅट-तास. इन्व्हर्टर वीज बदलताना थोडी खातो आणि नुसता चालू असला तरी थोडी खातो. त्याचे दोन्ही मिळून १४५. गॅसच्या शेगडीला आच गॅसची असली तरी पंखा बॅटरीवरचा. तो ५० वॅटचा, रात्रीत एकूण तीन तास फिरला असं धरू, त्याचे १५०. गॅसगळती सांगणारा भोंगा आणि फ्रिजमधलं सर्किट ही मंडळी चोवीस तास जागी असतात, त्यांचे १००. बेरीज ७५५.

जमा ४८०, खर्च ७५५. दहा वाजता सुरू केलं तर पाच तासांत ४७० च्या पुढे जातो. म्हणून पहाटे तीन.

(दुसऱ्या रांगेतून आवाज.) ही सांगते आहे की तीन नव्हे, अडीच. बरं. म्हणजे हिशेब अर्ध्या तासाने चुकला. थंडीत बॅटरी कमी देते, आणि संध्याकाळचे दिवे आम्ही धरलेच नव्हते. या बाबतीत तिचंच घड्याळ प्रमाण, कारण ती जागी होती.

यातले यंत्राचे आकडे आम्ही नंतर डेन्व्हरला वॅटमीटर लावून मोजले. त्या दुपारी माळावर फक्त यंत्राच्या पॉवर सप्लायवरचा शिक्का होता, त्यावर ९० वॅट. तो वाचून आम्ही घाबरलो होतो. पण शिक्क्यावरचा आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती लागू शकेल तो. रात्रभराची सरासरी त्यापेक्षा पुष्कळ कमी असते. शिक्का वाचून बॅटरी घेणारे दुप्पट पैसे घालवतात, आणि मुळीच न मोजता जाणारे आमच्यासारखे अडीच वाजता अडकतात.

एकेकाला बाहेर पाठवा

छांदोग्य उपनिषदात इंद्रियांच्या भांडणाची गोष्ट आहे. श्रेष्ठ कोण? ठरतं असं की एकेकाने वर्षभर शरीर सोडून जायचं आणि परत येऊन बघायचं. वाचा गेली, तरी मुक्याने जगता आलं. डोळे गेले, तरी आंधळेपणाने जगता आलं. मग कान गेले, मन गेलं, तरीही चाललं. शेवटी प्राण निघायला लागला, तर चांगल्या घोड्याने खुंट्या उपटून न्याव्यात तशी बाकीची सगळी इंद्रियं उखडली जायला लागली. आम्ही ही गोष्ट वर्गात अनेकदा शिकवली. ती हिशेबाची रीत म्हणून वापरावी लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

त्या दुपारी आम्ही तेच केलं. एकेकाला बाहेर पाठवलं.

इन्व्हर्टरला पाठवलं. बॅटरी १२ व्होल्टची, आणि यंत्राला आतून लागते तीही १२ किंवा २४ व्होल्टची डीसीच. मग मधे १२० व्होल्टपर्यंत चढवून पुन्हा खाली उतरवायचं कशाला? पिशवीतला ॲडॉप्टर अखेर प्लास्टिकबाहेर आला. १४५ चे राहिले ७-८.

गरम नळीला पाठवलं, पाणी तापवणाऱ्या पट्टीलाही पाठवलं. यंत्र चालूच राहिलं. दाब ११ तो ११ च.

आता उरला नुसता पंखा, जो घशाची वाट उघडी धरतो. त्याला किती लागतं? आमच्या मोजणीत सरासरी ९ वॅट. आठ तासांचे ७२.

मंडळी, हा आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. पहिल्या रात्री यंत्राच्या नावावर इन्व्हर्टरसकट ५०५ वॅट-तास पडत होते. त्यातले श्वासाचे फक्त ७२. सातवा हिस्सा. बाकी सगळे पाणी आणि हवा तापवण्याचे, आणि वीज या भांड्यातून त्या भांड्यात ओतण्याचे. आणि ते साहजिक आहे. मघाचा पाण्याचा पेला आठवा. तेवढा दाब धरायला ताकद अशी कितीशी लागणार? उष्णता मात्र नेहमीच महाग. आपल्या घरीही पंखा दिवसभर फिरतो आणि गीझर अर्ध्या तासात त्याच्यावर कडी करतो.

मग ऊब म्हणजे चैन का? नाही. कोरड्या हवेने नाक चोंदतं, घसा सुकतो, आणि त्या त्रासाने माणूस झोपेत मुखवटा काढून टाकतो. मुखवटा काढला की उपचार संपला. म्हणून ऊब काढली तर तिच्या जागी काहीतरी ठेवावं लागतं. टाकीत पाणी भरून ठेवावं, फक्त तापवू नये. वरून जाणारी हवा थोडा ओलावा घेतेच. नळी पांघरुणाच्या आतून घ्यावी, म्हणजे नाकाशी पोचेपर्यंत हवा फार गार राहत नाही. झोपण्यापूर्वी नाकात मिठाच्या पाण्याचा फवारा मारावा. आम्हाला एवढं पुरलं. सकाळी घसा थोडा कोरडा होता, चहाने भागलं. ज्यांच्या नाकाचं ऑपरेशन झालं आहे किंवा नाकातून रक्त येतं, त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही. बॅटरी वाचवायला दाब कमी करायचा नाही. दाब हा औषधाचा डोस आहे आणि तो डॉक्टरांनी ठरवलेला असतो. त्यातून वाचतंही फारसं नाही. वाचवायचंच असेल तर मुखवटा नीट बसवा. हवा गळत असेल तर पंख्याला ती भरून काढावी लागते आणि खर्च वाढतो.

शेगडीही थोडी खाली केली आणि रजया काढल्या, पंख्याचा खर्च निम्मा झाला. दुसऱ्या रात्रीची बेरीज: यंत्र ८०, शेगडी ७५, भोंगा आणि फ्रिज १००. एकूण २५५. गॅसचा भोंगा मात्र बंद करायचा नाही. त्याचंही काम श्वासाचंच आहे.

बॅटरी कुठली आणि केवढी

पुढच्या वर्षी आम्ही शहाणे झालो होतो. यंत्रासाठी स्वतंत्र बॅटरी ठेवली. ही सूचना आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची. रात्री कुणी पंप चालू ठेवला, दिवा विसरला, शेगडी जास्त फिरली, तर त्याची झळ तुमच्या श्वासाला लागता कामा नये.

ती बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-तास. म्हणजे ६४० वॅट-तास. ही जात जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि शिशाच्या मानाने वजनाला निम्म्याहून हलकी. रात्रीला ८० या हिशेबाने कागदावर आठ रात्री. आम्ही सहाच धरतो. ऊब आणि नळी चालू ठेवली तर तीच बॅटरी थेट १२ व्होल्टवरही दीड रात्र पुरते. आठवा भाग, नाहीतर अख्खी रात्र नि वर थोडं: कुठलं बटण दाबायचं हे यावरून ठरवा.

या बॅटरीचं एक पथ्य आहे. पारा शून्याखाली असताना ती चार्ज करायची नाही, आतून कायमची बिघडते. वापरायला हरकत नसते. म्हणून ती ट्रेलरच्या आत, पलंगाखाली ठेवावी.

ॲडॉप्टर यंत्राच्या कंपनीचा किंवा त्याच मॉडेलसाठी बनवलेलाच घ्यावा. काही यंत्रं १२ व्होल्टवर चालतात, काही २४ वर, आणि पिन सारखी दिसली म्हणून व्होल्ट सारखे नसतात. बॅटरीपासून सॉकेटपर्यंतची वायर जाड आणि आखूड असावी, मधे फ्यूज असावा. लांब बारीक वायरीत व्होल्ट पडतात आणि बॅटरी भरलेली असूनही यंत्र "वीज कमी" म्हणून थांबतं. इन्व्हर्टरशिवाय गत्यंतरच नसेल तर शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा.

भरायची कशी

सूर्य, ट्रक आणि जनरेटर, असे तीन रस्ते आहेत.

१०० वॅटची घडीची सौर पाटी युटाहच्या स्वच्छ उन्हात दिवसाला ३०० वॅट-तासांच्या आसपास देते. आमच्या श्वासाला ८० लागतात. म्हणजे ढगाळ दिवशी पाव उत्पन्न झालं तरी जवळपास निभावतं. पण पाटी नीट उन्हात हवी. झाडाची एक फांदी तिच्या कोपऱ्यावर सावली धरत असेल तर उत्पन्न कोपऱ्यापुरतं नव्हे, फार जास्त घटतं. पाईनच्या सावलीत ट्रेलर लावणारे इथेच फसतात.

ट्रक चालताना ट्रेलरची बॅटरी थोडी भरते, पण नेहमीच्या जोडणीतली वायर बारीक, म्हणून फारच हळू. पहिल्या वर्षी त्या दुपारी जावयांनी जाड केबल लावून इंजिन तासभर चालवलं आणि सौर पाटीही उन्हात मांडली. तेवढ्यावर दुसरी रात्र निघाली.

जनरेटर सगळ्यांत सोपा वाटतो, पण रात्रीचा भरवसा त्याच्यावर ठेवू नये. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या तळांवर बहुधा रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ असते, आणि जनरेटरचे तास त्याहूनही मर्यादित. दुसरं कारण गंभीर आहे. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. आणि सीपॅप खोलीतलीच हवा ओढून नाकात देतं. जनरेटर चालवायचा तो दिवसा, खिडक्यांपासून लांब, आणि ट्रेलरमधला त्या वायूचा भोंगा चालू आहे याची खात्री करून.

श्रोत्यांचे प्रश्न

*यंत्र मधेच बंद पडलं तर मुखवट्यात गुदमरायला होईल का?*

नाही. नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मुखवट्यात झडप असते, दाब गेला की ती उघडते आणि बाहेरची हवा येते. नुसत्या नाकाच्या मुखवट्यात तोंड मोकळंच असतं. पण विकार जिथल्या तिथे परत येतो. एखादी रात्र गेली म्हणून बहुतेकांवर तातडीचं संकट येत नाही, मात्र दुसऱ्या दिवशी पेंग येते. त्या दिवशी गाडी चालवू नये आणि कड्याच्या टोकाशी फोटो काढायला जाऊ नये.

*आमच्याकडे घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. हाच हिशेब लागू होतो का?*

नाही. घरगुती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरला तीनशे वॅटच्या आसपास लागतात. तो वेगळाच पसारा आहे. तसंच, ज्यांचं यंत्र त्यांच्या वतीने श्वासही देतं, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तारेपासून दूर जाऊ नये.

*इथून बॅटरी विमानातून नेता येते का?*

लहान नेता येते. १०० वॅट-तासांपर्यंतची सुटी लिथियम बॅटरी हातातल्या सामानात चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते. त्यावरची नाही. आणि सुटी बॅटरी चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. म्हणून मोठी बॅटरी मुलांना तिथेच घ्यायला सांगा. यंत्राचा पॉवर सप्लाय मात्र बहुधा १०० ते २४० व्होल्टचा असतो, त्यामुळे इथलं यंत्र तिथे चालतं. शिक्क्यावर वाचून घ्या आणि पिन बदलणारा तुकडा न्या.

*उंचावर काही फरक?*

पडतो. पुष्कळ यंत्रांच्या पुस्तिकेत सुमारे २६०० मीटरची मर्यादा दिलेली असते, आपल्या यंत्राची बघावी. मोॲब १२०० मीटरवर आहे, तिथे प्रश्न आला नाही. कोलोरॅडोतले कितीतरी तळ त्याहून खूप उंच आहेत.

*कोकणातल्या आमच्या घरी पावसात दोन-दोन दिवस लाईट नसते. तिथे काय?*

गणित तेच. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास, वापरायचे ९००. जुना छताचा पंखा ७० वॅट घेतो, रात्रीचे ५६०. म्हणजे तिथे खाणारा तुमचा सीपॅप नाही, पंखा आहे. पंखा बदलून कमी विजेचा घ्या, यंत्राची ऊब बंद ठेवा. कोकणातल्या पावसाळी हवेला आणखी ओलावा कशाला हवा?

जाता जाता

घरी करायचं एवढंच काम देतो. वॅटमीटर आणा, फार महाग नसतो. एक रात्र नेहमीसारखं झोपा आणि सकाळचा आकडा लिहून ठेवा. दुसऱ्या रात्री ऊब आणि नळी बंद करून झोपा आणि तोही लिहा. हे घरीच करा, म्हणजे घसा कोरडा पडतो का, मुखवटा झोपेत निघतो का, हेही कळेल. दोन आकडे हातात आले की मुलाला फोन करून सांगता येईल, आम्हाला एवढी बॅटरी लागते, बाकीचं तू बघ.

त्या प्रवासाचं राहिलं. हॉटेलात गेलो नाही. दुसऱ्या रात्री ही बराच वेळ यंत्राच्या घरघरीकडे कान लावून पडली होती. मग कधीतरी तिलाही झोप लागली. सकाळी सूर्य खडकांवर आला तेव्हा आम्ही उठून चहा ठेवला. लेक हळूच म्हणाली, "बाबा, आईला उठवू नका." ती साडेआठपर्यंत झोपली होती.